आवाज नेमका कधी फाटतो?

घरी बांधलेल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधून गाण्याबरोबर खरखर ऐकू आली, की आपण लगेच सोल्डरिंग आयर्न तापवतो. माझी विनंती एवढीच, की त्याआधी नीट ऐका. आवाज वाढवल्यावरच फाटतो, की हळू असतानाही? दोन्ही कानांत की एकाच? सगळ्या सुरांवर की फक्त खर्जात? या उत्तरांवरून दोष सर्किटच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, हे बहुतेक वेळा कळतं.

आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल, तर आधी साधा हिशोब करा. ९ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप), ११ पट गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) असं ‘सीमॉय’ या घरी बांधायच्या छोट्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरच्या धाटणीचं सर्किट घेऊ. बॅटरी मधोमध वाटली, की दोन्ही बाजूंना साडेचार व्होल्ट. ओपीए २१३४ सारखा ऑप-अँप रेलच्या, म्हणजे सप्लायच्या, टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे हाती उरतात फार तर ३ व्होल्ट. इनपुटला १ व्होल्ट दिला आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडला, तर ११ व्होल्ट येणार कुठून? लाटेचे शेंडे छाटले जाणारच. इथे काहीच बिघडलेलं नसतं. गेन कमी करा.

पण तोच अ‍ॅम्प्लिफायर ३०० ओहमच्या हेडफोनवर स्वच्छ वाजतो आणि ३२ ओहमच्या हेडफोनवर फाटतो, तेव्हा गोष्ट वेगळी. २ व्होल्टच्या शेंड्याला ३०० ओहम जेमतेम ७ मिलिअँपिअर मागतो, ३२ ओहम ६० च्या वर. या ऑप-अँपची मर्यादा सुमारे ४० आहे. व्होल्टेज शिल्लक असतं, करंट संपतो. अशा वेळी बफर, म्हणजे जास्त करंट पुरवणारा टप्पा, जोडावा लागतो. नुसता महागडा ऑप-अँप बदलून पाहणाऱ्यांची निराशा होते, ती बहुधा इथेच.

खर्जातच गडबड असेल, तर व्हर्च्युअल ग्राउंडकडे, म्हणजे बॅटरी मधोमध वाटून बनवलेल्या शून्य बिंदूकडे, वळा. दोन रेझिस्टर आणि दोन २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर एवढ्यावर ते उभं असेल, तर २० हर्ट्‌झला त्या जोडीचा अडथळा १८ ओहमच्या आसपास भरतो. ३२ ओहमच्या हेडफोनपुढे हा आकडा लहान नाही. मधला बिंदू खर्जाबरोबर हलू लागतो. मल्टिमीटरने दोन्ही अर्धी व्होल्टेज मोजा. एकीकडे ६, दुसरीकडे ३ दिसले, तर लाटेची एक बाजू दुसरीच्या आधी छाटली जाते.

हळू आवाजातली खरखर मला सर्वांत शिकवणारी वाटते. ऑप-अँपनंतर पुश-पुल ट्रान्झिस्टरची जोडी (एक लाटेचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा) असेल, तर प्रत्येकाला जागं व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. बायस, म्हणजे त्यांना आधीच अर्धवट जागं ठेवणारं व्होल्टेज, नसेल, तर लाट शून्यातून जाताना दोघंही बंद असतात. आवाज मोठा असताना हा तुकडा लपून जातो, हळू आवाजात तोच टोचतो. दोन्ही ट्रान्झिस्टरच्या बेसच्या (इनपुटच्या पायांच्या) मध्ये साधारण १.२ व्होल्ट दिसायला हवेत. ते शून्याजवळ असतील, तर बायसचे डायोड तपासा.

एकाच कानातली खरखर बहुधा सोल्डरिंगच्या कच्च्या डागाची किंवा जॅकची. चॅनल अदलाबदल करा, म्हणजे उलगडा होतो.

सगळं बरोबर असूनही आवाज धूसर आणि गाणं बंद असतानाही ऑप-अँप गरम लागत असेल, तर तो कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर ऑसिलेट होत (आपणहून थरथरत) असण्याची दाट शक्यता आहे. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सप्लायच्या पिनांना खेटून लावा, त्याचे पाय कापून आखूड करा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर इथे उपयोगाचा नाही.

मीटरची मोजमापं हेडफोनऐवजी ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून करा. हेडफोन लावण्याआधी आउटपुटवरचा डीसी (स्थिर व्होल्टेज) मोजा: काही मिलिव्होल्ट चालतील, शेकड्यांत असेल तर हेडफोन लावू नका.