धर्मादायाचं पान
(नवीन पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आमच्या पनवेलच्या व्यापारी पेढीचा आणि उताऱ्याचा, म्हणजे गाडीवानांच्या मुक्कामाच्या जागेचा, इतिहास सांगा, असा निरोप आला तेव्हाच मी ठरवलं की सुरुवात खापरपणजोबांपासून करायची नाही. भरतीपासून करायची.

कोळीवाड्यातली जी मंडळी इथे बसली आहेत त्यांना हे सांगायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खाडी भरलेली. पनवेलचं जुनं बंदर खाडीचं. ओहोटीला सगळा गाळ, आणि मालाच्या होड्या, म्हणजे पडाव, त्या गाळात बसलेले. आता समजा, अष्टमीला बोरघाट उतरून आलेली बैलगाडी रात्री आठला पेठेत पोचली. पाणी निघून गेलेलं. माल चढणार तो उद्या उजाडताना. गाडीवान दमलेला, बैलांच्या तोंडाला फेस, गाडीत गुळाच्या ढेपी, वर आभाळ भरून आलेलं. या माणसाने रात्र काढायची कुठे?

आमचा उतारा त्या रात्रीसाठी बांधलेला आहे. पेढी आणि उतारा हे आमच्या घरचे दोन धंदे होते, असं आजही लोक म्हणतात. ते तसं नव्हतं. गाडीवान जिथे उतरायचा तिथेच माल विकायचा, आणि जिथे त्याच्या बैलांना पाणी मिळायचं तिथेच तो पुढच्या खेपेला यायचा. ओसरी होती म्हणून पेढी चालली.

१८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्याआधी घाटातला व्यापार मुख्यतः बैलांच्या पाठीवरून, गोण्यांनी चालायचा. गाडीरस्ता झाला आणि पुण्याहून मुंबईला जाणारा माणूस आणि माल पनवेलला येऊन होडीत बसू लागला. घाटावरून गूळ, तूप, धान्य, कापूस यायचा. खालून मीठ, तांदूळ, नारळ, सुकी मासळी वर जायची. पनवेलची गाडीची चाकं तर घाटावर नावाजलेली होती. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्यांपैकी. हे गाव तेव्हा किती धावपळीचं होतं ते एवढ्यावरूनच कळावं.

आता वह्यांकडे येतो. माझा जीव गुंतला आहे तो त्यांच्यात.

माडीवर एक शिसवी पेटी होती. तिच्यात लाल कापडात बांधलेले रोजमेळ आणि खतावण्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या आणि खात्यांच्या वह्या, सगळ्या मोडी लिपीत. वडिलांना मोडी जेमतेम यायची, मला मुळीच नाही. दिवाळीत वहीपूजन करताना पेटीला हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा झाकून ठेवायची, एवढंच आमचं नातं. उताऱ्याच्या दुरुस्तीचं काम काढलं तेव्हा जुना नकाशा सापडेल या आशेने मी मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना घरी बोलावलं. नकाशा मिळाला नाही. त्यांनी एका खात्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे धर्मादाय खातं पाहिलंत का?’

जुन्या बाजारपेठांत ही रीत सर्रास होती. सौदा झाला की अडत म्हणजे दलाली, हमाली, मापाई वजा व्हायची, आणि त्याबरोबर मालधन्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, थोडी रक्कम धर्मादाय म्हणून कापली जायची. ती व्यापाऱ्याची मिळकत नसे. पाणपोई, देऊळ, पांजरपोळ, धर्मशाळा यांच्यावर ती खर्चायची असे. आमच्या वहीत दर गाडीमागे धर्मादाय जमा होत गेलेला दिसतो, पानंच्या पानं. आणि नावे बाजूला, म्हणजे खर्चाला, काय? दगड आणला. चुना आणला. सुताराला दिले. सागाच्या तुळया. कौलं. बैलांना पाणी प्यायचा दगडी हाळ बांधला.

उताऱ्याच्या दारावर शिळा आहे, तिच्यावर आमच्या मूळपुरुषाचं नाव आहे. लहानपणी तिच्याकडे बोट दाखवून मी मित्रांना अभिमानाने सांगायचो की हे आमच्या पणजोबांच्या वडिलांनी स्वतःच्या पैशाने लोकांसाठी बांधलं. वही वेगळं सांगते. हिशेब त्यांनी ठेवला, जागा त्यांनी दिली, देखरेख त्यांची. पैसा मात्र त्या गाडीवानांचा आणि शेतकऱ्यांचा. जे तिथे झोपले त्यांनीच ती भिंत उभी केली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मूळपुरुषाबद्दलचा आदर कमी झाला नाही, उलट वाढला. त्यांनी एक पैही स्वतःच्या खात्यात वळवलेली दिसत नाही. पण शिळेवर नाव एकट्याचं आहे, हे खरं.

पुढचा इतिहास झटकन सांगतो. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीला आली, १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे सुरू झाली, आणि १८६३ मध्ये घाटाचा चढ पुरा झाला. पुण्याचा माल कर्जत-कल्याणवरून थेट मुंबईला जाऊ लागला. भरतीची वाट बघायचं कारणच उरलं नाही. गाड्या कमी झाल्या तशी पेढी आजूबाजूच्या भातावर जगली. खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, तांबडा राता, गोड्या जमिनीतला कोलम, पुढे भाताची गिरणी. पायली-मण जाऊन किलो आले, तेही निभावलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. आमचा धंदा बंद पडला तो गिऱ्हाईक तुटलं म्हणून नाही; ज्या शेतांतून भात यायचं ती शेतंच उरली नाहीत. तुम्ही-आम्ही आज ज्या सेक्टरांत राहतो, तिथलं भात आमच्या मापाखालून गेलेलं आहे. गिरणीचा पट्टा वडिलांनी ज्या दिवशी उतरवला, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

उतारा मग गोदाम झाला, नंतर नुसता बंद. भिंतींना ओल धरायची म्हणून वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्यांचा हेतू चांगला, पण घात तिथेच झाला. दगड-चुन्याची भिंत ओल आत घेते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडते. वर सिमेंट थापलं की तिला बाहेर पडायला वाट नाही. पाणी आतल्या आत वर चढतं आणि तुळईच्या टोकाशी, भिंतीत जिथे लाकूड बसवलेलं असतं तिथे, ते कुजवतं. आम्ही गिलावा खरवडला तेव्हा चार तुळयांची टोकं हातात भुगा होऊन आली. सबंध तुळई न बदलता कुजलेलं तेवढं टोक कापून जुन्या सागाचा सांधा द्यायचा, हे आमच्या सुताराने सुचवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. चुना महिनाभर भिजवला, वाळू गोड्या पाण्याची आणली. खाडीच्या वाळूतलं मीठ भिंतीत गेलं असतं तर पुन्हा तेच. एक पावसाळा काम थांबवून नुसती भिंत सुकू दिली. घरच्यांना तो उशीर जड गेला. माझ्या मते सगळ्या कामात शहाणपणाची गोष्ट तीच झाली.

बैल बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच आहेत. हाळही आहे. सजावटीसाठी त्यात कमळं सोडावीत असं काहींचं म्हणणं पडलं. मी नको म्हटलं. ज्या दगडाची कड बैलांच्या माना घासून गुळगुळीत झाली आहे, ती बघायला लोकांनी वाकावं, हात लावावा. कमळं त्यांना तलावात दिसतील.

आता उताऱ्याच्या माडीवरच्या खोल्या भाड्याने देतो. पुण्या-मुंबईची माणसं येतात, तांदळाची भाकरी खातात, कौलांवरचा पाऊस ऐकतात. त्या भाड्यावर वास्तू उभी आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. शिळेखाली आम्ही एक छोटी ओळ कोरून घेतली: ‘गाडीवानांच्या धर्मादायातून’. आत्याला हे पटायला वेळ लागला. तिने स्वतः वही डोळ्यांनी पाहिली, मग ती काही बोलली नाही.

खालच्या दोन खोल्या भाड्याच्या यादीत नाहीत. खारघरच्या कर्करोग रुग्णालयात लांबून माणसं येतात. रुग्णाला खाट मिळते, बरोबरच्यांना जागा मिळत नाही. त्या खोल्या त्यांच्यासाठी. माडीवरच्या प्रत्येक खोलीच्या भाड्यातून थोडी रक्कम बाजूला पडते, आणि या दोन खोल्यांचं वीज-पाणी, चादरी, सकाळचा चहा त्यातून होतो. रोजमेळ मी अजून हाताने लिहितो.

गेल्या आठवड्यात साताऱ्याकडचं एक जोडपं आलं, बरोबर म्हातारी आई. घाट उतरेपर्यंत रात्र झाली होती. सकाळी सहाला त्यांना रुग्णालयाच्या रांगेत पोचायचं होतं. मी त्यांना खोली उघडून दिली, खाली येऊन वही काढली आणि धर्मादायाच्या पानावर त्यांची नोंद केली.