धुक्याच्या वरची वस्ती

(दृश्य : समुद्रावरून दरीत शिरणारं धुकं, उंचावरून)

कॅलिफोर्नियातला सांताक्रूझचा किनारा. ऑगस्ट महिना आहे, तरी खाली पुळणीवर माणसं स्वेटर घालून बसली आहेत. पॅसिफिकचं पाणी इथे उन्हाळ्यातही गार असतं. त्याच्यावरची हवा गारठते, तिचं धुकं होतं आणि संध्याकाळ झाली की ते दऱ्यांमधून आत सरकतं. नवख्या माणसाला वाटावं, इथे कसला वणवा लागतोय!

आता जरा वर जाऊ. बेन लोमंड डोंगराचा माथा साधारण 2600 फुटांवर, म्हणजे 800 मीटरच्या आसपास. धुकं बहुतेक वेळा तिथवर पोचतच नाही. त्याच्या वर गरम, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खाली बंदरात रात्री गाड्यांच्या काचा ओल्या होतात, आणि त्याच वेळी माथ्यावरचा पालापाचोळा कुरकुरीतच राहतो. रात्री हवेत ओलावा वाढतो, आग जराशी दमते, तेवढ्यात तिला गाठायचं, हा आग विझवणाऱ्यांचा जुना हिशेब. माथ्यावर तो चालत नाही. म्हणूनच इथल्या आगीच्या हवामानाच्या इशाऱ्यात कित्येकदा उंची लिहिलेली असते : अमुक फुटांच्या वर. एकाच रस्त्यावरचं खालचं घर इशाऱ्याबाहेर, वरचं घर इशाऱ्यात.

(दृश्य : रेडवूडच्या उंच झाडांच्या सावलीतला अरुंद रस्ता, लाकडी घरं)

बोल्डर क्रीक, बेन लोमंड, फेल्टन, बॉनी डून. सॅन लोरेन्झो नदीच्या खोऱ्यातली आणि वरच्या धारेवरची ही गावं. यातली बरीच घरं एकेकाळी उन्हाळ्यात चार दिवस राहायला बांधलेली. पुढे माणसं तिथेच कायमची राहू लागली. रस्ते मात्र चार दिवसांच्या पाहुण्यांचेच राहिले. खोऱ्यातून बाहेर पडायचं तर मुख्य वाट एकच, हायवे 9. नदीच्या कडेने वळणं घेत जाणारा, दोनच पदरी.

आपल्या सह्याद्रीत पावसाळा सरतो आणि माघ-फाल्गुनात गवत पेटतं. इथे ऋतू उलटे. पाऊस हिवाळ्यात पडतो, मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडा. खरी भीती शरद ऋतूची, कारण तेव्हा नेवाडाच्या वाळवंटी पठारावर हवेचा दाब वाढतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. डोंगर उतरताना ही हवा दाबली जाते, तापते आणि आणखी कोरडी होते. इथे तिला 'डायब्लो' वारे म्हणतात, म्हणजे सैतानी.

हा अंदाज देतं माँटेरीचं राष्ट्रीय हवामान कार्यालय. आधी 'फायर वेदर वॉच' : येत्या दोन-तीन दिवसांत परिस्थिती बिघडू शकते. मग 'रेड फ्लॅग वॉर्निंग' : आता बिघडणार किंवा बिघडलीच आहे. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जोराचा वारा, कोरडी हवा, आणि जळायला तयार झालेलं रान.

रान तयार आहे की नाही, हे नुसतं बघून ठरत नाही. सॅन होजे स्टेट विद्यापीठाची वणवा-हवामान प्रयोगशाळा आहे. तिथली मंडळी डोंगरात जाऊन 'चमीझ' नावाच्या झुडपाच्या डहाळ्या कापून आणतात. वजन करतात, भट्टीत वाळवतात, पुन्हा वजन करतात. वसंतात त्या डहाळीत वाळलेल्या काडीच्या वजनापेक्षा जास्त पाणी असतं. उन्हाळा सरता सरता ते 60 टक्क्यांच्या आसपास येतं, आणि तिथून पुढे हिरवं दिसणारं झुडूपही सरपणच समजायचं. फोनवर वाजणाऱ्या इशाऱ्यामागे हे असलं कंटाळवाणं, नेमाने केलेलं कामही असतं.

(दृश्य : अंधारलेलं घर, मेणबत्ती नव्हे, बॅटरीचा दिवा)

इशारा आला की आणखी एक गोष्ट होऊ शकते : वीज जाते. बिघाड होऊन नव्हे, मुद्दाम. तारा तुटून आग लागू नये म्हणून वीज कंपनी स्वतःच प्रवाह बंद करते. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज गाव जळलं, 85 माणसं गेली, आणि आग सदोष वीजवाहिनीतून लागली होती. त्यानंतर, 2019 च्या ऑक्टोबरात, लाखो लोकांची वीज अशी कापली गेली. निर्णय समजण्यासारखा आहे. पण डोंगरात वीज गेली की विहिरीचा पंप बंद, इंटरनेट बंद, आणि मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपली की फोनही मुका. ज्या दिवशी निरोप सगळ्यात गरजेचा, त्याच दिवशी निरोपाची वाट बंद. म्हणून इथले जुने रहिवासी बॅटरीवर चालणारा रेडिओ अजून टाकून देत नाहीत.

आणि मग 2020. सगळे ऑक्टोबरची वाट बघत होते. आग आली ऑगस्टमध्ये, आणि तीही आकाशातून. फाउस्टो नावाच्या विरत चाललेल्या वादळाचा ओलावा उत्तरेकडे सरकला. 16 ऑगस्टच्या पहाटे विजा कडाडल्या आणि पाऊस जवळजवळ नाहीच. रेड फ्लॅग वॉर्निंग होती. पण कुठली वीज कुठल्या झाडावर पडणार, हे कोणता इशारा सांगणार?

सुरुवातीला त्या छोट्या, सुट्या आगी होत्या, दुर्गम रानात. संपूर्ण राज्यात एकाच वेळी शेकडो ठिकाणी पेटलं होतं. माणसं आणि विमानं पुरेनात. 18 ऑगस्टच्या रात्री उत्तरेचा वारा वाढला. आगी एकमेकींना मिळाल्या आणि डोंगर उतरू लागल्या. 1902 पासून जपलेलं बिग बेसिन, राज्याचं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, जवळजवळ सगळं आगीखाली आलं. 1936 मध्ये बांधलेलं त्याचं लाकडी मुख्यालय गेलं. सुमारे 77 हजार लोकांना घरं सोडावी लागली. 86 हजार एकरांहून अधिक रान, 1,490 इमारती, आणि 'लास्ट चान्स' नावाच्या एकाकी वस्तीतला एक रहिवासी.

22 तारखेला गणेश चतुर्थी होती. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सिलिकॉन व्हॅली. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनोतल्या मराठी घरांत करोनामुळे त्या वर्षी पाहुणे येणार नव्हतेच. धुरामुळे खिडक्याही उघडता येत नव्हत्या.

(दृश्य : जळालेल्या घराचा चौथरा; शेजारी शाबूत घर)

वणव्यात घर जळतं म्हटलं की ज्वाळांची भिंत डोळ्यांपुढे येते. बहुतेक घरं तशी जळत नाहीत. वाऱ्याबरोबर ठिणग्या आणि निखारे पुढे उडत येतात, मुख्य आगीच्या कितीतरी आधी. पन्हळीत साठलेली सुकी पानं, डेकखाली रचलेली लाकडं, दारातलं काथ्याचं पायपुसणं, पोटमाळ्याच्या झरोक्याची मोठ्या भोकांची जाळी. निखाऱ्याला तेवढं पुरतं. घराभोवती शंभर फूट रान विरळ ठेवायचं, हा राज्याचा कायदा जुनाच आहे. आता सगळा भर आहे भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांवर : तिथे जळेल असं काहीच नको. झुडूप नको, लाकडी कुंपणाचं टोक भिंतीला नको. झरोक्याला बारीक भोकांची धातूची जाळी, इंचाच्या आठव्या भागाएवढ्या भोकांची किंवा त्याहून बारीक.

माझं मत विचाराल, तर सायरन, ॲप, कॅमेरे या सगळ्यांपेक्षा हे पाच फूट मोलाचे. पण लोकांना ते पटवणं सगळ्यात अवघड. भिंतीवर चढवलेली आजीच्या हातची गुलाबाची वेल काढा, असं कुणाला सांगून तर बघा.

इशाऱ्याचे तास कशासाठी असतात, हे इथे आता बऱ्याच जणांना पाठ आहे. गाडीचं तोंड रस्त्याकडे. टाकी भरलेली. औषधं, कागदपत्रं, फोटो एका पिशवीत. घोडे, शेळ्या असतील तर त्यांना आधीच हलवायचं. 2020 मध्ये वॉटसनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर जनावरांची छावणी उभी राहिली होती. गावं आता क्रमांकांच्या विभागांत वाटली आहेत, आणि आपला क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला असतो. 'इव्हॅक्युएशन वॉर्निंग' म्हणजे तयार राहा, म्हातारे, लहान मुलं आणि जनावरं असतील तर निघाच. 'ऑर्डर' म्हणजे आत्ता. निघताना नळ आणि फवारे चालू ठेवायचे नाहीत. अग्निशमनाच्या बंबांना पाण्याचा दाब लागतो.

इशारा चांगला असला म्हणजे निभावलं, असंही नाही. 7 जानेवारी 2025 ला लॉस एंजेलिस शहरातलं पॅलिसेड्स पेटलं. तीही समुद्रावरची डोंगराळ वस्ती. तिथे हवामान खात्याने दिवसांआधी, अगदी कडक शब्दांत बजावलं होतं. तरी रस्ते तुंबले, लोक गाड्या सोडून पायी पळाले आणि बंबांना वाट द्यायला त्या गाड्या बुलडोझरने बाजूला ढकलाव्या लागल्या. हायवे 9 वर राहणाऱ्यांनी ती दृश्यं पुन्हा पुन्हा पाहिली असतील.

(दृश्य : काळ्या बुंध्यावर हिरवे कोंब)

आग विझली तरी काम संपत नाही. सॅन लोरेन्झो खोऱ्यात पाण्याच्या प्लॅस्टिकच्या वाहिन्या मैलोन् मैल जळाल्या. काही भागात नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं आणि 'पिऊ नका, उकळूनही पिऊ नका' असं सांगावं लागलं. पुढच्याच जानेवारीत मोठा पाऊस येणार म्हटल्यावर त्याच लोकांना पुन्हा घराबाहेर काढलं, कारण उघड्या उतारावरून चिखल-दगड येण्याची भीती होती.

रेडवूड मात्र बहुतेक तगले. फूटभर जाडीची साल, आणि तिच्याखाली झोपलेले डोळे. काही महिन्यांत काळ्या बुंध्यांवर हिरवी लव फुटली.

या किनाऱ्यावर आग नवी नाही. इथल्या मूळनिवासी अमाह मुत्सुन लोकांचे पूर्वज माळ आणि रान ठरवून जाळत, स्पॅनिश मिशनऱ्यांनी ते मोडीत काढेपर्यंत. आता त्यांचे वंशज, जमीनमालक आणि स्वयंसेवक मिळून पुन्हा छोटे पट्टे जाळू लागले आहेत. त्यासाठी खास त्या जागेपुरता अंदाज मागवता येतो, त्याच हवामान कार्यालयाकडून. ओलावा इतका, वारा इतका, दिशा ही. सगळं बसलं तर शेजाऱ्यांना निरोप जातात, पाण्याच्या पिशव्या पाठीवर चढतात आणि गवताच्या कडेला पहिली काडी लागते. दुपारी वारा ठरल्यापेक्षा वाढला, तर अर्ध्यातच विझवून सगळे घरी जातात आणि पुढची तारीख शोधतात.