गव्हाणीतलं गवत

नमस्कार श्रोतेहो.

नाताळ जवळ आला की वसईत आणि गोव्यात घरोघरी गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करायला घेतात. गोव्यात तर आधीपासून नाचणी रुजत घालतात, म्हणजे सणाला गोठ्यापुढं हिरवंगार शेत उभं राहतं. त्यात मातीची मारिया, मातीचा योसेफ, मातीची मेंढरं. आज मी ज्या गोठ्यांबद्दल बोलणार आहे, तिथं मात्र मातीचं काहीच नसतं. बैल खराच रवंथ करतो, चुलीतला धूर खराच डोळ्यांत जातो. इटलीतल्या गावांमध्ये याला ‘प्रेसेपे विव्हेंते’ म्हणतात. प्रेसेपे म्हणजे मुळात गव्हाण आणि विव्हेंते म्हणजे जिवंत.

ही गव्हाण पहिल्यांदा मांडली गेली 1223 साली. रोमच्या उत्तरेला रिएतीचं खोरं आहे, तिथं ग्रेच्चो नावाचं गाव डोंगरकड्याला बिलगून बसलंय. असिसीचे संत फ्रान्सिस तेव्हा तिथं होते. नाताळाच्या पंधराएक दिवस आधी त्यांनी जोव्हान्नी नावाच्या आपल्या एका स्नेह्याला बोलावलं. गव्हाण मांड, गवत आण, एक बैल आण, एक गाढव आण, म्हणाले. बाळ येशू जन्मला तेव्हा त्याला कसल्या उणिवेत, कसल्या गवतावर निजावं लागलं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

आणि नाताळाच्या रात्री आसपासचे लोक मशाली, मेणबत्त्या घेऊन डोंगर चढले. त्या रात्रीचं वर्णन चेलानोच्या थॉमस या फ्रान्सिसच्याच संघातल्या साधूनं पाच-सहा वर्षांत लिहून ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. त्यात मारिया झालेली बाई नाही, योसेफ झालेला पुरुष नाही. नुसती गवतानं भरलेली गव्हाण आणि तिच्यापुढं चाललेली मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, त्याच्या खालच्या पायरीचे सेवक, म्हणजे डीकन होते. म्हणून मिस्सा त्यांनी केली नाही; शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, गाऊन वाचलं आणि प्रवचन केलं. ‘बेथलेहेम’ हे येशूच्या जन्मगावाचं नाव ते मेंढरू बेंबटावं तसं उच्चारत, असं थॉमस लिहितो. येशूचं नाव आलं की ओठांवरून जीभ फिरवत, जणू त्या नावाची गोडी चाखतायत. तिथल्या एका माणसाला तर वाटलं, गव्हाणीत एक निपचित बाळ आहे, आणि फ्रान्सिस जवळ गेल्यावर ते जागं झालं.

ते गवत लोकांनी जपून ठेवलं. आजारी गुरांना चारलं. अडलेल्या बाईच्या अंगावर ठेवलं तर ती सुखरूप सुटते, असंही मानलं गेलं. मला या सगळ्यात हे गवतच फार महत्त्वाचं वाटतं. बैल आणि गाढव शुभवर्तमानातल्या जन्मकथेत नाहीतच. बायबलच्या जुन्या करारात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात म्हटलंय, बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण. तिथून ती दोघं आली. शेतकऱ्याला मात्र ती कुठून आली हे विचारावं लागलं नाही. ती त्याच्या घरातलीच होती.

घरातली, हे अगदी शब्दशः. इटलीच्या दक्षिणेत मातेरा नावाचं शहर आहे. तिथं ‘सास्सी’ म्हणजे खडकात कोरलेली घरं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं एकाच गुहेत आईबाप, पाचसहा पोरं, कोंबड्या आणि मागच्या अंगाला खेचर असं बिऱ्हाड असायचं. 1952 साली कायदा झाला आणि हजारो माणसांना तिथून हलवलं. 1993 साली त्याच सास्सी युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. अलीकडं नाताळात तिथं जिवंत गोठा मांडतात. त्या गुहेत गाढव बांधलेलं बघून एखाद्या म्हाताऱ्याच्या मनात काय कालवत असेल! त्याच्यासाठी ते बेथलेहेम नाही, त्याचं बालपण आहे.

सिसिली बेटावर कुस्तोनाची गावाजवळची मांजापाने गुहाही अशीच. प्रचंड कडा आणि त्याच्या पोटात दगडी घरांची छोटीशी वस्ती. माणसं तिथून केव्हाच उठून गेली. पण नाताळात तिथं पुन्हा चुली पेटतात. कुणी टोपल्या विणतं, कुणी रिकोत्ता चीज करतं, लोहार भाता ओढतो. कपडे बेथलेहेमचे नाहीत, पणजोबा-पणजीचे आहेत. काही लोक याला जत्रा म्हणतात. मला ते पटत नाही. टोपली कशी विणायची हे हातांना आठवावं लागतं, आणि वर्षातून काही रात्री तरी ते आठवलं जातंय.

मध्य इटलीतल्या आब्रुत्सोच्या डोंगरांत तर मेंढपाळांचं सोंग घ्यावंच लागत नाही. तिथले धनगर शतकानुशतकं शरदात मेंढरं घेऊन खाली दक्षिणेतल्या पुल्या प्रांताच्या मैदानात उतरत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. नाताळाच्या दिवसांत डोंगरातून वादकही उतरत. एकाच्या काखेत पखालीसारखी फुगलेली कातड्याची झांपोन्या, दुसऱ्याच्या हाती सनईच्या जातीची चारामेल्ला.

याच आब्रुत्सोत रिविसोंदोली आहे. तेराशे मीटर उंचीवरचं, 700 च्या आसपास वस्तीचं गाव. 1951 पासून तिथं 5 जानेवारीच्या संध्याकाळी, गावाबाहेरच्या माळावर, बहुतेकदा बर्फात, जिवंत गोठा उभा राहतो. इटलीत मुलं जन्मण्याचं प्रमाण फार घटलंय; 2023 मध्ये सबंध देशात 3 लाख 80 हजारांच्या आत बाळं जन्मली. एवढ्याशा डोंगरी गावात किती जन्मणार? रिविसोंदोलीचा रिवाज असा, की बाळ येशू म्हणून गावात सगळ्यात शेवटी जन्मलेलं मूल ठेवायचं. गोधडीत गुंडाळून आणलेलं, थंडीनं नाक लाल झालेलं, रडू लागलं तर रडू द्यायचं. जमलेले सगळेजण त्याला नावानं ओळखतात.