बाकीचे हसतात तेव्हा

[दृश्य: पुरुषांचा घोळका. आवाज बंद, फक्त चेहरे.]

कुणीतरी एका बाईबद्दल काहीतरी बोललं. चौघे हसले. पाचवा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय. त्याला पटलेलं नाही, पण तो गप्प आहे. बोलणाऱ्याला ते गप्प बसणंही होकारासारखंच वाटतं.

[दृश्य: रिकामा वर्ग.]

६ डिसेंबर १९८९. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय. एक बंदूकधारी तरुण वर्गात शिरला. त्यानं मुली वेगळ्या काढल्या, मुलांना बाहेर जायला सांगितलं आणि गोळ्या झाडल्या. त्या दिवशी त्या इमारतीत १४ स्त्रिया मारल्या गेल्या. बाहेर गेलेल्या मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही; बंदुकीपुढे कोण काय करणार? प्रश्न बंदूक हातात येण्याआधीच्या वर्षांचा आहे. हा द्वेष तेव्हा कुणाच्या कानावर पडत होता, आणि ते काय म्हणत होते?

१९९१ मध्ये कॅनडातल्याच काही पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. शपथ साधी होती: स्त्रियांवर हिंसा करणार नाही, तिला पाठीशी घालणार नाही, ती पाहून गप्प बसणार नाही. पहिल्या दोन गोष्टींवर पुरुष पटकन मान डोलावतात. घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी. स्वतः हात न उचलणं ही काही मर्दुमकी नव्हे. मित्राला चारचौघांत "हे बोलू नकोस" म्हणायचं, तर टोळक्यातली जागा पणाला लागते.

[दृश्य: मैदान. एक मुलगा पडतो, गुडघा चोळतो.]

"मुलीसारखा काय रडतोस!" ओरडणाऱ्याला वाटतं, आपण पोराला कणखर करतोय. पोरगा मात्र दोन गोष्टी शिकतो: दुखलं तरी सांगायचं नाही, आणि मुलगी असणं म्हणजे कमीपणा. घरी आई कितीही समजावू दे, मैदानावर शब्द चालतो तो प्रशिक्षकाचा.

मग त्यालाच हाताशी धरलं तर? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या १६ माध्यमिक शाळांमध्ये हा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाच्या हंगामात प्रशिक्षक दर आठवड्याला थोडा वेळ काढून खेळाडूंशी बोलत: मुलींबद्दल कसं बोलतो, नात्यात जबरदस्ती कशाला म्हणायचं. भाषणबाजी नाही, सरावाला लागूनच गप्पा. मित्र मुलीशी वाईट वागताना दिसला, तर ही मुलं इतरांपेक्षा जास्त वेळा मध्ये पडली.

[दृश्य: पुन्हा मैदान. प्रशिक्षक खाली बसून गुडघा बघतो.]

"कुठं लागलं? दाखव."