कान, रान, पान, दान, मान

श्रोतेहो, नमस्कार. हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि पाच शब्द ऐका. लिहून घ्यायचे नाहीत. कान, रान, पान, दान, मान. आता याच क्रमानं म्हणा बरं! आणि हे दुसरे पाच: मीठ, गाय, दोर, झोप, वही. हेही म्हणा.

दुसरी यादी सोपी गेली ना? पहिलीतले शब्द तुम्हाला आठवले असतील, पण आधी रान की आधी पान, इथे घोडं अडलं असेल. ध्वनिसाम्य घोटाळा करतं तो मुख्यतः क्रमाचा.

बी. ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी हा सोयीचा प्रयोग, कारण सामान जवळजवळ लागतच नाही. शब्दांची कार्डं, एक स्टॉपवॉच आणि प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते म्हणून, बसायला तयार असलेले मित्र. मग जर्नलमध्ये दोन मध्यमानं येतात, दोहोंतला फरक केवळ योगायोगाचा आहे का हे तपासणारं टी-मूल्य येतं, आणि ‘ध्वनिसाम्यामुळे स्मरण घटते’ हा निष्कर्ष. बरोबर उत्तरं मोजली जातात, चुकलेली कागदासकट रद्दीत जातात. मला याचं वाईट वाटतं, कारण खरी गंमत चुकांमध्येच असते.

केंब्रिजच्या अप्लाइड सायकॉलॉजी युनिटमधले आर. कॉनरॅड यांचा १९६४चा प्रयोग पाहा. त्यांनी लोकांना इंग्रजी अक्षरं पडद्यावर एकेक करून दाखवली, सहा-सहाच्या ओळीत. ऐकवलं काहीच नाही. आता व्ही हे अक्षर दिसायला एक्सच्या जवळचं; म्हणजे डोळ्यांची चूक असती तर व्हीच्या जागी एक्स यायला हवा होता. लोक लिहीत होते बी किंवा पी! मग कॉनरॅडनी हीच अक्षरं खरखरीच्या आवाजात मिसळून दुसऱ्या लोकांना ऐकवली. ऐकताना होणाऱ्या चुका आणि पाहून आठवताना होणाऱ्या चुका बऱ्याच अंशी जुळल्या. डोळ्यांनी वाचलेलं आपण मनात आवाजाच्या रूपात धरून ठेवतो, हे त्या चुकांनी सांगितलं.

दोन वर्षांनी मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांनी अक्षरांऐवजी शब्द घेतले. वेगवेगळ्या आवाजाच्या शब्दांच्या सुमारे ८२ टक्के ओळी लोकांनी क्रमानं बरोबर सांगितल्या. सारख्या आवाजाच्या जेमतेम १० टक्के. आणि मोठा, विशाल, प्रचंड अशा धर्तीचे समानार्थी शब्द दिले, तेव्हा घट किरकोळ, ७१वरून ६५. या घाईच्या स्मृतीला अर्थाशी फारसं देणंघेणं नसतं. दीर्घकालीन स्मृतीचं उलट असतं. तिथे अर्थ घोटाळा करतो.

कुणी म्हणेल, मग यमक असलेली कविता चटकन पाठ कशी होते? यमकामुळे ओळीच्या शेवटी कसला शब्द येणार हे कळतं, क्रम सांभाळायला वृत्त आणि अर्थ असतात. आपल्या यादीत दोन्ही नव्हते.

आपल्या विद्यार्थ्यांची एक अडचण मात्र बॅडलींना नव्हती. इंग्रजीत रफ, कफ, थ्रू, डो हे शब्द लिहिताना सारखे दिसतात, उच्चार मात्र वेगळे. त्यामुळे दिसणं आणि ऐकू येणं त्यांना वेगळं काढता आलं, आणि नडतो तो आवाजच असं दिसलं. देवनागरीत तशी सोय कुठली! ‘कान’ आणि ‘पान’ उच्चारात जुळतात तसे कागदावरही जुळतात. म्हणून परीक्षकानं ‘हा परिणाम दिसण्याचा कशावरून नाही?’ असं विचारलं तर तयारी हवी.

तयारी सोपी आहे. कार्डं दाखवत असताना प्रयुक्ताला ‘एक, एक, एक’ असं सतत म्हणायला लावा. जीभ अडकली की पाहिलेल्या शब्दाचा मनातल्या मनात आवाज करता येत नाही. मग दोन्ही याद्या सारख्याच कठीण जातात आणि ध्वनिसाम्याचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. परिणाम दिसण्याचा असता, तर या पुटपुटण्यानं तो गेला नसता. शब्द ऐकवले, तर मात्र कितीही ‘एक, एक’ म्हटलं तरी कान-पान-मानची सरमिसळ होतेच, कारण ऐकलेल्या शब्दाचा वेगळा आवाज करावा लागत नाही.