कॉर्टिसॉलची टाकी आणि तिचा बॉलकॉक

नमस्कार श्रोतेहो.

रस्ता ओलांडताना कानाशी हॉर्न वाजला की छातीत धस्स होतं. ही अ‍ॅड्रेनॅलिनची करामत. मज्जातंतूंमधून थेट हुकूम सुटतो, काही सेकंदांत ते रक्तात उतरतं आणि दोन-तीन मिनिटांत निम्मं ओसरतंही. आज बोलायचंय ते त्याच्या संथ भाऊबंदाविषयी, कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाविषयी (हार्मोनविषयी).

ते बनतं अधिवृक्क ग्रंथींमध्ये. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या. पण किती बनवायचं, हे त्यांच्या हातात नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच हे निरोप्या संप्रेरक सोडतो, त्यावर हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, आणि ते रक्तातून खाली पोचलं की कॉर्टिसॉल तयार होतं. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल वरच्या दोघांना थांबवतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा: पाणी चढलं, चेंडू वर आला, नळ बंद.

पातळी मात्र दिवसभर सारखी नसते. जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. म्हणून तपासणीसाठी रक्त सकाळी ८ च्या सुमारास घेतात. तेव्हा साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा ठीक मानतात. दुपारी ४ चं रक्त या मापानं वाचलं, तर नसलेला आजार दिसायचा. रात्रपाळी असेल तर झोपेच्या वेळा सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा फुगतो, कारण कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं. आणि प्रेडनिसोलोन, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टिरॉइड औषध, चालू असेल, तर काही तपासण्या त्यालाच कॉर्टिसॉल समजतात.

खरी गडबड या प्रेडनिसोलोनपाशीच होते. दमा, संधिवात, त्वचारोग यांवर ते उत्तम औषध आहे, उगाच बदनाम झालंय. पण शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या मापात जेमतेम ५ मिलिग्रॅमची, आणि आजारासाठी देतात २०, ४० मिलिग्रॅम. म्हणजे टाकीत टँकर ओतला. चेंडू वरच राहतो, खालचा पंप पडून राहतो. तीन-चार आठवड्यांपुढे असं चाललं की अधिवृक्क आक्रसू लागतात. मग ‘आता बरं वाटतंय’ म्हणून कुणी गोळी एकदम सोडतो. टँकर बंद, पंप जाम! थकवा, मळमळ, उठताना चक्कर, रक्तदाब खाली. त्यात ताप किंवा शस्त्रक्रिया आली तर जिवावर बेततं. दीर्घकाळ जोरकस स्टिरॉइड मलम फासणाऱ्यांनाही हा धोका आहे, मग ते गोरेपणासाठी का असेना.

५ मिलिग्रॅमपर्यंत डोस आजाराच्या अंदाजानं उतरवता येतो. त्याखाली मात्र सावकाश, बहुधा दर चार आठवड्यांना १ मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच. आधी पिट्युटरी जागी होते, अधिवृक्क मागून. कधीकधी वर्षही जातं. या काळात जोराचा ताप आला तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, साधारण दुप्पट. किती दिवस, हे आधीच विचारून ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर घरी वाट पाहू नका. दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, ‘स्टिरॉइड चालू होतं’. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. बोलण्याची शुद्ध राहील याचा भरवसा नाही, म्हणून औषधाचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असू द्या.