पाणी किती वाजता यायचं?

नमस्कार मंडळी. (न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या वेबसाईटसाठी हे भाषण टाईप करताना माईकची खरखर आणि मधेमधे चहा आला का विचारणारे काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कमिटीने मला विषय दिला 'अमेरिकेतला लँडमार्कचा कायदा' आणि वेळ दिली जेवणाच्या आधीची, म्हणजे माझ्यावर राग कुणाचा आहे ते मी शोधून काढणारच आहे. पण विषय माझ्या आवडीचा आहे, कारण मी एका लँडमार्कच्या प्रेमात आहे, आणि तो लँडमार्क म्हणजे ना किल्ला, ना राजवाडा, ना कुठल्या प्रेसिडेंटचं घर. ती एक चाळ आहे. मॅनहॅटनमधे, लोअर ईस्ट साईडला, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट. आता तिथे टेनेमेंट म्युझियम आहे.

मी स्वतः मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले, तळमजला अधिक तीन मजले, ८० खोल्या, एक खोली १६० स्क्वेअर फूट, आणि त्यात आम्ही सात जण. त्यामुळे आई पहिल्यांदा इथे आली, २००३ की ०४ असेल, तेव्हा सगळे तिला लिबर्टी दाखवतात, नायगारा दाखवतात, ते दाखवून झाल्यावर मी तिला म्हटलं चल तुला अमेरिकेतली चाळ दाखवते. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आत शिरलं की आधी काळोख. अरुंद जिना, लाकडी कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मजल्यावर चार बिऱ्हाडं, प्रत्येकाला तीन खोल्या, तिन्ही मिळून साधारण ३२५ स्क्वेअर फूट, आणि त्यातल्या एकाच खोलीला थेट बाहेरचा उजेड. मधल्या स्वयंपाकघरापर्यंत उजेड पोचावा म्हणून आतल्या भिंतीलाच खिडकी पाडलेली. म्हणजे खिडकीतून बघायचं काय, तर आपलीच दुसरी खोली! भिंतीवर कागदावर कागद चिकटवलेले, एका ठिकाणी पापुद्रा सुटलाय तिथे खालचे सगळे रंग दिसतात, आपल्याकडे दर दिवाळीला चुन्याचा हात मारायचे आणि खिळा ठोकला की मागच्या पाच दिवाळ्या खाली पडायच्या, तसंच.

आम्ही बाल्डिझी नावाच्या इटालियन कुटुंबाच्या घरात उभे होतो. १९३० च्या मंदीतलं घर, नवरा सुतार, कामाची पेटी घेऊन मिळेल ते काम शोधत फिरायचा. त्यांची मुलगी जोसेफिन पुढे म्हातारपणी या म्युझियमला येऊन सगळ्या आठवणी सांगून गेली. गाईड मुलगी फार छान सांगत होती, सगळे गोरे लोक गंभीर चेहरा करून 'ओह' 'ओह' करत होते, आणि आईने त्या सिंकच्या नळाला हात लावला आणि मला म्हणाली, विचार तिला, पाणी किती वाजता यायचं?

मी विचारलं. गाईड हसायलाच लागली, म्हणाली हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. मग म्हणाली, गार पाणी होतं, गरम नव्हतं, पण दिवसभर असायचं. आई म्हणाली, दिवसभर? मग पुढे गाईडने सांगितलं की संडास बाहेर जिन्याजवळ, १९०१ च्या कायद्याने दोन बिऱ्हाडांत एक तरी आतला संडास हवाच असं ठरलं आणि ते १९०५ ला इथे बसवले, त्याआधी मागच्या अंगणात जावं लागायचं. दोन बिऱ्हाडांत एक! आमच्याकडे आख्ख्या मजल्याची लाईन डबे घेऊन उभी असायची. आई मला हळूच म्हणते, अगं मग म्युझियम कशाला केलंय, राहायला द्यायचं होतं ना कुणाला.

तर आता कायद्याकडे येते, नाहीतर कमिटी मला पाणीसुद्धा देणार नाही.

ही इमारत १८६३ ची. बांधली लुकास ग्लोकनर नावाच्या जर्मन शिंप्याने, म्हणजे मालकही बाहेरून आलेलाच. १८६३ ते १९३५ या काळात तिथे वीसपेक्षा जास्त देशांतले मिळून सुमारे ७,००० लोक राहून गेले. जर्मन, आयरिश, पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन. १९३५ ला सरकारी नियम कडक झाले, आगीपासून बचावासाठी सुधारणा करा वगैरे, आणि मालकाने हिशोब केला की दुरुस्तीपेक्षा भाडेकरू काढणं स्वस्त. खालची दुकानं चालू ठेवली, वरचे मजले बंद. ते बंद राहिले ५३ वर्षं. १९८८ ला रूथ एब्रम आणि अनिता जेकबसन या दोघी बायका म्युझियमसाठी जागा शोधत होत्या, खालचं दुकान भाड्याने मिळतंय का बघायला गेल्या आणि वरती हे सगळं जसंच्या तसं सापडलं. मालकाच्या कंजूषपणाने वाचलेलं हेरिटेज म्हणायचं हे, कारण त्याने दुरुस्ती केली असती तर आज बघायला काहीच उरलं नसतं.

मग १९९४ ला त्याला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क हा दर्जा मिळाला. हा दर्जा देतो इंटिरियर खात्याचा सेक्रेटरी, म्हणजे मंत्रीच, १९३५ च्या कायद्याखाली. (हो, तेच १९३५. इकडे भाडेकरू बाहेर पडत होते आणि तिकडे वॉशिंग्टनमधे ऐतिहासिक जागा जपायचा कायदा होत होता.) देशभरात असे साधारण २,६०० लँडमार्क आहेत. पण या मंडळींचं तेवढ्यावर भागलं नाही, त्यांनी काँग्रेसमधून, म्हणजे इथल्या संसदेतून, स्वतंत्र कायदाच करून घेतला, आणि १२ नोव्हेंबर १९९८ ला प्रेसिडेंट क्लिंटननी सही केली. तेव्हापासून ती जागा नॅशनल हिस्टॉरिक साईट झाली. दोन्ही नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळ करतात, मीही करायचे, तर लक्षात ठेवा की लँडमार्क खात्याकडून आणि साईट काँग्रेसकडून.

तो कायदा मी वाचलाय. रिटायर झाल्यावर माणूस काहीही वाचतो. लहानसाच आहे. त्यात सुरुवातीला काँग्रेस म्हणते की बाहेरून आलेले लोक ही या देशाची ओळख आहे, आणि लोअर ईस्ट साईडएवढे लोक दुसऱ्या कुठल्याच वस्तीने सामावून घेतले नाहीत, आणि ही चाळ म्हणजे अशा हजारो साध्यासुध्या घरांतलं टिकून राहिलेलं एक घर आहे. 'साधंसुधं' हा शब्द कायद्यात आहे हो, मला त्याचंच फार वाटलं. एरवी ऐतिहासिक दर्जा मागायला गेलं की विचारतात आर्किटेक्ट कोण, राहिलं कोण. इथे आर्किटेक्चर म्हणाल तर संडास बाहेर, आणि राहिलं कोण तर शिंपी, सुतार, धुणंभांडीवाल्या.

आता आपल्याकडे काय समज आहे, की सरकारी दर्जा मिळाला म्हणजे सरकारने ताब्यात घेतलं, आता पैशाची चिंता नाही. अजिबात नाही! त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की इमारत म्युझियमच्याच मालकीची राहणार, चालवणार तेच, सरकार ती विकत घेणार नाही आणि खर्चाची सगळी जबाबदारीही घेणार नाही. नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक जागा सांभाळणारं सरकारी खातं, त्याच्याशी ती फक्त 'संलग्न'. संलग्न म्हणजे काय ते मुंबई युनिव्हर्सिटीवाल्यांना सांगायला नको, बिल्डिंग ट्रस्टची, डोकेदुखी ट्रस्टची, आणि मार्कशीटवर नाव युनिव्हर्सिटीचं. तज्ज्ञांची मदत मिळते, थोडाफार निधी मिळू शकतो, एलिस आयलंड आणि लिबर्टीच्या जोडीने तुमची गोष्ट सांगितली जाते. आणि डोनरकडे जाताना हातात कागद असतो, तो फार कामाचा. पण २०२० मधे कोविड आला, म्युझियम बंद ठेवावं लागलं, तेव्हा तिकिटाचे पैसे थांबले आणि बऱ्याच गाईड लोकांची नोकरी गेलीच. त्या कागदाने भाकरी नाही दिली.

अजून एक गंमत. खाजगी मालकाचा लँडमार्क असेल आणि त्यात फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा किंवा परवानगी गुंतलेली नसेल तर त्या फेडरल पाटीमुळे मालकाला पाडायलासुद्धा कुणी अडवू शकत नाही. अडवतो तो गावाचा, शहराचा कायदा. न्यूयॉर्क शहराचा असा कायदा आला १९६५ ला, आणि तो का आला तर तुम्ही रोज ज्या पेन स्टेशनला उतरता, तिथे १९१० ची ग्रॅनाईटची प्रचंड इमारत होती, ती १९६३ पासून पाडायला घेतली. लोकांच्या पोटात गोळा आला, शहराने कायदा केला, आणि पुढच्या वर्षी, १९६६ ला, ऐतिहासिक जागा जपायचा देशाचा मोठा कायदा आला. म्हणजे तुम्ही त्या बुटक्या छताखाली एनजे ट्रान्झिटचा प्लॅटफॉर्म कधी लागतो म्हणून माना वर करून उभे असता ना, ते या दोन्ही कायद्यांचं मूळ आहे.

मागच्या मीटिंगमधे एका काकांनी सूचना केली होती, की आपण आनंदीबाई जोशींच्या समाधीला नॅशनल लँडमार्क करून घेऊ, आपला काँग्रेसमन ओळखीचा आहे. सूचना फार चांगली आहे काका, म्हणून मी नीट शोधून आलेय. पहिली गोष्ट, समाधी आहे पोकीप्सीला, न्यूयॉर्क स्टेटमधे, त्यामुळे आपला काँग्रेसमन ओळखीचा असून उपयोग नाही. दुसरी गोष्ट, नियमच असा आहे की कबरी आणि स्मशानं साधारणपणे घेत नाहीत. त्या व्यक्तीचं महत्त्व फारच मोठं असेल आणि तिच्या आयुष्याशी जोडलेली दुसरी योग्य जागा शिल्लक नसेल, तरच विचार होतो. तिसरं, गेल्या ५० वर्षांतलं काही असेल तर तेही सहसा घेत नाहीत, हे मी आपल्याच मंडळाच्या हॉलकडे बघून सांगतेय, काही जणांच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहितीये.

पण आनंदीबाईंचं मला सांगायचंच आहे. १८८३ च्या जूनमधे त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, अठरा वर्षांच्या, आणि त्यांच्या अमेरिकन स्नेही कार्पेंटरबाईंकडे राहायला आल्या ते आपल्या न्यू जर्सीतल्या रोझेलला, इथून गाडीने अर्ध्या तासावर. १८८६ ला फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, १८८७ ला पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी परत इथे आल्या, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत. तर त्याच १८८३ साली ९७ ऑर्चर्डमधे नटाली गुम्पर्ट्झ नावाची जर्मन बाई कोर्टात गेली होती. तिचा नवरा ज्युलियस १८७४ ला एक दिवस कामावर म्हणून गेला तो परत आलाच नाही. पदरात लहान मुलं. तिने घरात शिवणकाम सुरू केलं, त्याच समोरच्या उजेडाच्या खोलीत, आणि त्यावर घर चालवलं. नऊ वर्षांनी सासऱ्याकडून ६०० डॉलरचा वारसा आला, तो मिळवायचा तर नवरा मेला असं कायद्याने जाहीर करून घ्यावं लागलं, आणि ते तिने करून घेतलं. एक बाई शिकायला बोटीतून उतरतेय आणि दुसरी त्याच शहरात हयात की मयत माहीत नसलेल्या नवऱ्याला कागदावर मारतेय. दोघींची गाठ पडली असती तर काय बोलल्या असत्या असं मला उगाच वाटत राहतं.

नटालीची ही गोष्ट कळली कशी, तर कोर्टाचे कागद राहिले म्हणून. कुणी जपून नाही ठेवले, राहिले. बाकी जनगणनेच्या याद्या, फळ्यांखाली सापडलेली बटणं, खेळणी, असल्या वस्तूंवर त्या म्युझियमने एकेक घर उभं केलंय. आणि त्या वीसेक देशांत आपला देश शोधायला जाऊ नका, १९१७ च्या कायद्याने आपल्याला दारच बंद होतं, ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ ला. म्युझियमने पुढे त्याच रस्त्यावरची १०३ नंबरची इमारत घेतली, तिथे १९६५ नंतरच्याही लोकांच्या गोष्टी आहेत, चायनीज वाँग कुटुंब आहे, पोर्टो रिकोचं कुटुंब आहे. आपलं कुणी नाही, कारण आपण त्या वस्तीत राहिलो नाही, आपण आधी क्वीन्स, मग जर्सी, गार्डन अपार्टमेंट, मग टाऊनहाऊस, आणि प्रत्येक वेळी मूव्ह करताना ट्रंकेतले कागद फेकून दिले. माझ्याच नवऱ्याने एका मूव्हमधे माझी विमानाच्या तिकिटाची लाल कार्बनवाली प्रत फेकली, त्यावरून आमचं अजून होतं.

डिलाईल रोडची आमची चाळही आता रिडेव्हलपमेंटमधे आहे, वरळीत तर २०२५ मधे नव्या टॉवरच्या चाव्याही दिल्या, ५०० स्क्वेअर फुटाचं घर, आत संडास, आणि मला त्याचा आनंदच आहे. १६० फुटांत सात जणांनी राहून बघावं आणि मग हेरिटेजवर भाषण द्यावं.

बरं, आता शेवटचं, आणि मग जेवायला जा. माझ्या गॅरेजमधे मंडळाचा एक खोका निघाला, मागच्या कुठल्या तरी सेक्रेटरीने ठेवायला दिलेला. त्यात सत्तरच्या दशकातलं एक रजिस्टर आहे, पोटलकची यादी, कुणी काय आणायचं. 'शिरा, साठ जणांना' असं लिहिलंय आणि पुढे नाव नाही, अक्षर मात्र फार सुंदर आहे, आणि खाली दुसऱ्याच शाईत 'तूप कमी पडलं'. ते मी चहाच्या टेबलाशेजारी ठेवलंय. ज्याला कुणाला अक्षर ओळखू येईल त्याने बाजूच्या वहीत नाव लिहा. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय, कारण सकाळपासून दोन गेले.